पुणे केंद्र ७९२ वरच का? ७९० वर असतं तर काय बिघडलं असतं?

सासवडी_अंजीर (धागाकर्ता)
आमचे बाबा ७९ वर्षांचे. सकाळी रेडिओ लागला नाही तर त्यांना चहा गोड लागत नाही. जुन्या रेडिओचा बँड स्विच गेला. दुकानदाराने "काका, याचा पार्ट आता येत नाही" म्हणून हात वर केले. मे महिन्यात ताई न्यू जर्सीहून आली, तिने येताना एक झकास डिजिटल रेडिओ आणला. हिरवे आकडे, घड्याळ, गजर, सगळं आहे. फक्त पुणे केंद्र नीट लागत नाही.

बटण दाबलं की ७८०, मग ७९०, मग ८००. मधे थांबायची सोयच नाही. ७९० वर आवाज येतो, पण स, श, छ आले की फसफसतो. निवेदक पानाचा तोबरा भरून बातम्या देतोय असं वाटतं. एफएमचीही तीच तऱ्हा. विविधभारतीचं १०१ येतच नाही, १००.९ वरून उडी थेट १०१.१ वर. बाबा ताईसमोर काही बोलले नाहीत. ती गेल्यावर म्हणाले, "अमेरिकेला पुणं माहीत नाही."

तर प्रश्न दोन. एक, ह्याला काही उपाय आहे का? दुसरा नुसती उत्सुकता म्हणून: ७९२ हा आकडा ठरवला कुणी? सरळ ७९० का नाही घेतला?

चुकामूक
पुण्याचं केंद्र आहे ना? मग चार लोकांसारखा गोल आकडा कसा चालेल! (दिवा घ्या)

नुसताच_वाचक
मोबाइलवर अ‍ॅप टाकून द्या की. सगळी केंद्रं स्वच्छ ऐकू येतात. कशाला हा जुना खटाटोप?

सासवडी_अंजीर
@नुसताच_वाचक, टाकून पाहिलं. बाबा रेडिओच्या ठोक्यांवर भिंतीवरचं घड्याळ लावतात. अ‍ॅपवर ठोके अर्ध्या मिनिटाने पडतात. "हे शिळं आहे" म्हणाले आणि फोन परत दिला.

ओटी_सेव्हंटीनाइन
बाबांना साष्टांग दंडवत _/\_

पाढे_पाठ
मला रेडिओतलं काही कळत नाही, पण आकड्यांचा नाद आहे. पुणे ७९२. मुंबई ५५८ आणि १०४४. नागपूर ५८५. सांगली १२५१. रत्नागिरी ११४३. पणजी १२८७. परभणी १३०५. जळगाव ९६३. सोलापूर १६०२. कुठल्याही आकड्यातल्या अंकांची बेरीज करा, नऊ नाहीतर अठरा येते. म्हणजे सगळे नऊच्या पाढ्यातले. हा योगायोग नसणार. जाणकार सांगतीलच.

चुकामूक
अंकज्योतिषवाल्यांनी हा प्रतिसाद वाचू नये अशी नम्र विनंती.

सोल्डरगन
पाढे_पाठ यांनी बरोबर नाडी पकडली. मी सांगलीत चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्ती केली, आता नातवाच्या मोबाइलवरून टंकतोय. शुद्धलेखनाकडे बघू नका.

मीडियम वेव्हवर प्रत्येक केंद्राला पट्ट्यात जागा दिलेली असते, प्लॉटिंग केल्यासारखी. दोन प्लॉटमध्ये किती अंतर ठेवायचं हे पूर्वी देशोदेशी वेगळं होतं. १९७५ साली जिनिव्हात परिषद भरली. युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया मिळून ठरलं की सगळ्यांनी नऊ-नऊ किलोहर्ट्झवर बसायचं, आणि आकडाही नऊच्या पाढ्यातलाच घ्यायचा. अंमल २३ नोव्हेंबर १९७८ पासून. जपान, ऑस्ट्रेलियासारखे देश तोवर दहाच्या पाढ्यात होते, ते त्या दिवशी नऊवर सरकले. आपलं ७९२ म्हणजे नऊ गुणिले अठ्ठ्याऐंशी.

अमेरिका ह्या करारात नव्हतीच. ते आजही दहा-दहावर बसतात, ७८०, ७९०, ८००. तुमच्या रेडिओचं डोकं तिथलं आहे. त्याच्या दृष्टीने ७९२ नावाचं घरच अस्तित्वात नाही.

आता "पाढ्यातलाच" हा हट्ट कशासाठी? रात्री लांबची केंद्रं येतात. समजा एक ७९० वर आहे आणि दुसरं, हजार मैलांवरचं, ७९१ वर. दोन्ही एकदम रेडिओत शिरली की फरकाची, म्हणजे एक किलोहर्ट्झची शिट्टी वाजते. सतत. कुकरसारखी थांबतही नाही. दोघं नेमके एकाच आकड्यावर असले तर शिट्टी नाही, फार तर मागे कुजबुज ऐकू येते. म्हणून सगळ्यांनी एकच पाढा म्हणायचा.

पाढे_पाठ
धन्यवाद काका! आज सार्थक झालं.

मालवणी_गेट
आमचं बालपण मालाडला मालवणीत, आकाशवाणीच्या मनोऱ्यांच्या सावलीत गेलं. सातवीत क्रिस्टल सेट केला होता. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेढे, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ओए ७९ डायोड, केंद्र बदलायला एक गँग (फिरता कपॅसिटर) आणि कानाचा हेडफोन. बॅटरी नाही की वीज नाही. अर्थिंगची तार नळाला गुंडाळायची. मनोऱ्यातून निघालेल्या लहरीच हेडफोन हलवायच्या, आवाजाला वेगळी शक्ती द्यावी लागायची नाही. गंमत अशी की मनोरे इतके जवळ की ५५८ आणि १०४४ दोन्ही एकदम वाजायची. पुढे भावगीत आणि त्याच्या पोटात बातम्या. गँग कितीही फिरवा, दोघं वेगळे होत नसत. आईला वाटायचं मी अभ्यास करतोय, कारण हेडफोन एकाच कानाला असे आणि तो कान भिंतीकडे.

वऱ्हाडी_ठेचा
हे काहीच नाही भाऊ. आमच्या नागपूरकडे १५६६ वर नॅशनल चॅनेलचा हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर होता. माझा मामा सांगे की जवळच्या गावात लोखंडी खाटेतून गाणी ऐकू येत.

नुसताच_वाचक
खाटेतून? मामांनी रात्री काय घेतलं होतं?

सोल्डरगन
हसू नका. मामांची खाट मी पाहिलेली नाही, पण गोष्ट अशक्य नाही. दोन लोखंडी तुकड्यांच्या मधे गंज चढला की तो जोड डायोडसारखं वागू शकतो, एका दिशेने जास्त वाहतो. मालवणीवाल्यांच्या ओए ७९ चं काम गंज करणार. प्रचंड ताकदीची लहर आणि थरथरायला सैल पत्रा असला की झाला क्रिस्टल सेट. १,००० किलोवॅट म्हणजे काय ते लक्षात येण्यासाठी: १९२७ साली मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने केंद्र सुरू केलं तेव्हा ट्रान्समीटर होता दीड किलोवॅटचा.

इतिहासाचं_भूत
बरं झालं १९२७ निघालं. २३ जुलै १९२७, उद्घाटन लॉर्ड आयर्विनच्या हस्ते. त्याच्या आधी १९२३ पासून रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेची हौशी मंडळी प्रक्षेपण करत होतीच. ही कंपनी तीन वर्षंही टिकली नाही, मार्च १९३० मध्ये दिवाळं. मग सरकारने ताब्यात घेतली. ऑल इंडिया रेडिओ हे नाव जून १९३६ चं.

आणि कुणी "मार्कोनीने रेडिओ शोधला" म्हणायच्या आत सांगून ठेवतो: जगदीशचंद्र बोस.

ओटी_सेव्हंटीनाइन
आला! मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

बे_एरिया_बाळू
@इतिहासाचं_भूत, बोसांबद्दल पूर्ण आदर राखून: त्यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली, तेही मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या लहरींवर, ज्यांच्याकडे बाकीचं जग पन्नासेक वर्षांनी वळलं. गॅलेना स्फटिकाच्या डिटेक्टरचं त्यांचं अमेरिकन पेटंट १९०४ चं, म्हणजे मालवणीवाल्यांच्या डायोडचा तो पणजोबा. पण बोसांना संदेश पाठवण्याचा धंदा करायचाच नव्हता. मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडे पोचवलं ते मोर्सचं एक अक्षर, तीन टिंबं. आपण ज्याला रेडिओ म्हणतो, म्हणजे माणूस बोलतो आणि हजारो लोक ऐकतात, ते दोघांचंही काम नाही. त्याला सलग लहर लागते. मार्कोनी वापरायचा त्या विजेच्या ठिणगीने ती होत नाही. फ्लेमिंगचा डायोड (१९०४), डी फॉरेस्टचा तीन टोकांचा व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात काचेची नळी (१९०६) आणि त्यावर आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनिअरने केलेलं काम, ह्यातून ते जमलं.

इतिहासाचं_भूत
मान्य. अर्धवट मान्य.

गिरगावचा_मोती
व्हॉल्व्हवरून आठवलं. १९४२ ला आमच्या आजोबांच्या शेजारच्या वाडीत पोलिसांची धाड पडली होती. त्यांना वाटलं दारूची असेल. निघाला चले जाव चळवळीचा गुप्त काँग्रेस रेडिओ! उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. २७ ऑगस्टला सुरू केलं, "४२.३४ मीटर्सवर, भारतात कुठूनतरी" अशी घोषणा व्हायची. प्रत्यक्षात मुंबईतच, दर थोड्या दिवसांनी जागा बदलून. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या. १२ नोव्हेंबरला गिरगावात पकडले गेले, त्याही वेळी प्रक्षेपण चालू होतं.

सावंतवाडी_लोकल
मोती, तुझ्या गिरगावाक आमची आंबोली उत्तर देता बघ. १९५५ च्या नोव्हेंबरात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आंबोलीच्या रानात ट्रान्समीटर बसवून गोव्यासाठी गुप्त रेडिओ चालू केला. कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून. पुढे कॅसल रॉककडे हलवला. १९६१ पर्यंत चालवला! आंबोलीचो पाऊस ज्यांनी बघितला हा त्यांका विचार, तिथे साधी काडेपेटी कोरडी ठेवून दाखवा. व्हॉल्व्हचो ट्रान्समीटर दूरच रवलो.

मालवणी_गेट
हे माहीत नव्हतं. खूप आभार.

मंद_मंद_मृणाल
एक बावळट प्रश्न. ७९२ आणि ४२.३४ एकाच प्रकारचे आकडे आहेत का? लहानपणी निवेदक म्हणायचे, "तीनशे अठ्ठ्याहत्तर दशांश आठ मीटर्स, म्हणजेच सातशे ब्याण्णव किलोहर्ट्झवर." मला वाटायचं आकाशवाणीचा मनोरा ३७८ मीटर उंच आहे.

बे_एरिया_बाळू
बावळट अजिबात नाही. तीन लाखाला ७९२ ने भागा, ३७८.८ येतील. एका लाटेची लांबी. तुमचा मनोऱ्याचा अंदाजही तसा वाऱ्यावर नव्हता. मीडियम वेव्हचा मनोरा स्वतःच एरियल असतो आणि लाटेच्या साधारण चतुर्थांश उंचीचा केला की चांगला चालतो. म्हणजे ह्या लाटेला पंचाण्णव मीटरच्या आसपास. ४२ मीटर म्हणजे शॉर्ट वेव्ह. ती वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत येते, म्हणून थोड्या शक्तीत लांब जाते.

नारळीकाठ
शॉर्ट वेव्ह म्हटलं की सिलोन! युद्धात सैनिकांसाठी कोलंबोजवळ बसवलेला शंभर किलोवॅटचा ट्रान्समीटर युद्धानंतर सिलोनला मिळाला आणि इकडे ऑल इंडिया रेडिओने १९५२ मध्ये सिनेसंगीताला दार बंद केलं. लोक सिलोनकडे वळले नसते तरच नवल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली. दिल्लीने जागं होऊन विविधभारती काढली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला.

आमच्याकडे बुधवारी रात्री आठला वाड्यातले सगळे ओटीवर. गाणं रंगात आलं की आवाज लाटेसारखा खाली जायचा, सगळे श्वास धरायचे आणि नेमकं पहिल्या नंबराचं नाव सांगताना खरखर. मग दुसऱ्या दिवशी शाळेत भांडण, कुणी काय ऐकलं यावरून.

काडीपैलवान
आणि लायसन? पोस्टात जाऊन रेडिओच्या पुस्तकावर तिकिटं चिकटवून घ्यायची. आजोबा चिकट. लायसन काढलंच नाही. दारात खाकी कपडा दिसला की आजी रेडिओवर गोधडी टाकून वर बसायची. एकदा खरंच माणूस आला, तो निघाला मीटर वाचणारा. तेवढ्यात गोधडीखालून "आता ऐकूया..."

चुकामूक
😂😂 आजीचा आवाज बसला असेल असं सांगायचं ना.

कालचा_पोर
ज्येष्ठांची माफी मागून. तुम्ही सगळे खरखरीच्या प्रेमात आहात. एफएमवर ना खरखर, ना आवाजाचं खाली-वर होणं. मग मीडियम वेव्ह ठेवायचीच कशाला? वीज किती खाते ती.

बे_एरिया_बाळू
खरखर का नाही ते आधी बघ. मीडियम वेव्हवर आवाजाप्रमाणे लाटेची उंची बदलते. वीज चमकली, मिक्सर लागला, की त्या गोंधळानेही उंचीच बदलते आणि रेडिओला दोन्ही सारखेच. एफएममध्ये उंची तशीच ठेवून सेकंदाला किती लाटा निघतात ते बदलतात, त्यामुळे उंचीतला कचरा रेडिओ छाटून टाकू शकतो. हे आर्मस्ट्राँगचं डोकं, पेटंट १९३३ चं. १९४५ मध्ये अमेरिकन सरकारने एफएमचा पट्टा ४२-५० मेगाहर्ट्झवरून उचलून ८८-१०८ वर नेला आणि लोकांनी विकत घेतलेले सगळे एफएम रेडिओ एका फटक्यात भंगार झाले. कोर्टकचेऱ्यांनी थकून १९५४ मध्ये त्याने इमारतीवरून उडी मारली. तू ऐकतोस तो पट्टा तोच, ८८-१०८.

सोल्डरगन
आणि पोरा, एफएम दिसेल तिथवरच जातं. मधे डोंगर आला की संपलं. मीडियम वेव्ह जमिनीला धरून सरकते, घाटाखालीही उतरते. रात्री आणखी मजा. दिवसा आकाशातला एक खालचा थर ह्या लाटा पिऊन टाकतो. सूर्य गेला की तो थर विरतो, लाटा वरच्या थरावरून परततात, आणि सांगलीत दिवसा न येणारी केंद्रं रात्री येतात.

नारळीकाठ
खरखरीची एक बाजू कुणी सांगितली नाही. माझे आजोबा एप्रिलात दुपारी रेडिओ लावायचे, दोन केंद्रांच्या मधे मोकळ्या जागेवर. कडाड-चर्र असं वाजायला लागलं की म्हणायचे, "वळीव येतोय, वाळवण काढा." आभाळ निरभ्र असायचं. आम्ही कुरकुरत कुरडया उचलायचो आणि संध्याकाळी धो धो. कालच्या पोराचं एफएम कुरडया वाचवेल का?

कालचा_पोर
हरलो. कुरडयांपुढे काय बोलणार.

वऱ्हाडी_ठेचा
डीआरएम का काय ते डिजिटल मीडियम वेव्ह आलं म्हणत होते, त्याचं काय झालं?

बे_एरिया_बाळू
ट्रान्समीटर आले, आकाशवाणीने तीसपेक्षा जास्त ठिकाणी बसवले. काही नव्या गाड्यांत ऐकूही येतं. पण घरात ठेवायचा स्वस्त सेट बाजारात दिसत नाही. म्हणजे पाइपलाइन टाकली, नळ बसवायचे राहिले.

मंद_मंद_मृणाल
ते सगळं ठीक, पण अंजीरच्या बाबांचं काय झालं? ३० प्रतिसाद झाले आणि ते अजून तोबरा भरून बातम्या ऐकतायत.

सोल्डरगन
हो की! माफ करा, म्हातारपण. अंजीरराव, बहुतेक अशा रेडिओत ९/१० ची सोय असते. मागे किंवा बॅटरीच्या कप्प्यात पेनाच्या टोकाने सरकवायचा बारीक स्विच बघा. नसेल तर पुस्तिकेत बघा, काही सेटमध्ये रेडिओ बंद ठेवून एखादं बटण दाबून धरायचं असतं. घड्याळ आणि साठवलेली केंद्रं पुसली जातील, घाबरू नका. दुसरं, रेडिओ एलईडी दिव्यापासून आणि मोबाइलच्या चार्जरपासून लांब ठेवा, हे आजचे मिक्सर आहेत. तिसरं, सेट हळूहळू गोल फिरवून बघा. आत एरियल म्हणून फेराइटची कांडी असते, तिला दिशा कळते. ह्या सगळ्याने नाही जमलं तर जुना सेट पाठवा. बँड स्विच बऱ्याचदा मेलेला नसतो, त्याच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या असतात. साफ केला की उठतो.

सासवडी_अंजीर
काका!!! सापडला. बॅटरीच्या कप्प्यात, स्टिकरच्या खाली. नखाएवढासुद्धा नाही. बाबांच्या कान कोरायच्या काडीने सरकवला. आता ७८३, ७९२, ८०१. आणि १०१ सुद्धा लागतंय. निवेदकाने पान थुंकलं.

बाबांनी पाच मिनिटं ऐकलं. मग मला म्हणाले, "आवाज चांगला आहे, पण काटा कुठाय?" आता त्यांना काटा हवाय. जुना सेट कुरिअरने पाठवतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सोल्डरगन
केलाय. सेट पाठवताना डायलचा दोरा तुटला असेल तरी तुकडे फेकू नका, मला लांबी मोजायला लागते. तो दोरा चाकावर किती वेढे, कुठल्या कप्पीवरून, स्प्रिंगला गाठ कुठे, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. नवीन पोरं दोरा उलटा ओवतात, मग बटण उजवीकडे फिरवलं की काटा डावीकडे जातो आणि गिऱ्हाईक पुण्याच्या जागी सोलापूर शोधत बसतं.

पाढे_पाठ
१६०२. बेरीज नऊ.

उशिरा_आलेला
शीर्षक वाचून वाटलं ७९२ नंबरची नवीन पीएमटी सुरू झाली. सासवडला जाते का?